मळणी यंत्राला हात लावण्यापूर्वी

(झाशी येथील मराठी रेल्वे व टपाल कामगारांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही महागाई भत्ता, पेन्शन किंवा रिक्त जागा यांवर बोलणार नाही. त्या विषयांवर बोलणारे आमच्यापेक्षा चांगले वक्ते आपल्यात आहेत. आम्ही इथल्या वॅगन दुरुस्ती कारखान्यातले दोन फिटर आणि डब्यांच्या दिव्यापंख्यांवर उभी नोकरी काढलेला एक वीजमिस्त्री. तिघांनी मिळून हे टिपण तयार केले आहे, म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ असेच म्हणणार आहोत.

विषय मळणी यंत्राचा आणि कडबाकुट्टीचा. तुम्ही म्हणाल, रुळावरच्या आणि टपालाच्या माणसांना खळ्यावर कशाला नेता? त्याचे कारण साधे आहे. आपल्यातला प्रत्येक जण आज ना उद्या खळ्यावर जातोच. कोणाची दोन एकर वडिलोपार्जित जमीन जळगावकडे आहे, कोणाची अकोल्याकडे. कोणाचा मुलगा आय.टी.आय.मध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा किंवा शेतीयंत्रांचा कोर्स करतो आहे. ग्रामीण डाक सेवक तर गावातच राहतो आणि त्याचे पोट निम्मे शेतीवरच असते. रजेवर गावी गेलेल्या रेल्वेच्या माणसाला गावकरी यंत्राचा डॉक्टरच समजतात. “रेल्वेत आहात ना, मग बघा जरा” असे म्हणून त्याच्या हातात पाना देतात. इथे बुंदेलखंडात हेच “मिस्त्रीजी, ज़रा देख लो” असे ऐकू येते. नाही म्हणणे आपल्याला जमत नाही, आणि ते म्हणूही नये.

झाशीला मराठी माणूस नवा नाही. नेवाळकरांच्या काळाचे राहू द्या, जी.आय.पी. रेल्वेच्या दिवसांपासून मुंबईहून निघालेल्या बदलीच्या कागदावर आपले वाडवडील इथे येत राहिले. १ एप्रिल २००३ रोजी झाशी मध्य रेल्वेतून निघून उत्तर मध्य रेल्वेत गेली, तरी आपली घरे इथेच राहिली. तेव्हा मऊरानीपूर, मोठ, बबीना या बाजूची खळी आपल्याला जळगाव-अकोल्याच्या खळ्यांइतकीच जवळची आहेत.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती आमच्याच चुकीची आहे, म्हणून आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात आमच्या एका बुंदेलखंडी सहकाऱ्याच्या गावी आम्ही गेलो होतो. गव्हाची मळणी चालू होती. साडेसात अश्वशक्तीच्या मोटरवर चालणारे यंत्र एका मोसमात दोनदा ड्रमचे बेअरिंग खाऊन बसले होते. मालकाचे म्हणणे, बाजारात बेअरिंगच नकली येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा वीज गेलेली होती. वीज नाही म्हणजे यंत्र मेलेले, असे समजून आम्ही कामाला लागलो. पट्टे उतरवले, पुल्या मोजल्या. मग आमच्यातल्या एकाने ड्रमचे दाते तपासण्यासाठी कोपरापर्यंत हात आत घातला. तेवढ्यात वीज आली आणि मोटर आपोआप फिरू लागली.

पट्टे उतरवलेले होते म्हणून नुसती मोटर फिरली, ड्रम जागचा हलला नाही. त्यात आमचा काही शहाणपणा नव्हता. पुल्या मोजायच्या म्हणून पट्टे आधी उतरवले, इतकेच. दाते आधी बघायचे ठरवले असते तर आज हे भाषण दोघांनीच लिहिले असते.

घरी येताना आम्ही कोणी कोणाशी बोललो नाही. तीस-तीस वर्षे वॅगनखाली शिरण्याआधी लाल झेंडी लावणारी, चाकाला अडण लावणारी माणसे आम्ही. आमच्यातला वीजमिस्त्री पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखाली काम करणाऱ्यांना रोज पाहात आलेला. वीज बंद केल्याचा लेखी परवाना हातात पडल्यावाचून आणि तारेला दोन्ही बाजूंनी अर्थ केल्यावाचून तिथे कोणी शिडीवर पाय ठेवत नाही. मग खळ्यावर बसल्यावर हे सारे आम्ही कसे विसरलो? याचे उत्तर आम्हांला असे सापडले की, रेल्वेत आपली सावधगिरी निम्मी आपली असते आणि निम्मी नियमपुस्तकाची. खळ्यावर नियमपुस्तक नसते. तिथे जो पाना घेऊन जातो त्यालाच ते सोबत न्यावे लागते.

आता यंत्राचे बोलू. मोटर आपोआप का सुरू झाली, हे प्रथम समजून घ्या. मोटरच्या साध्या स्टार्टरमध्ये हिरवे बटण दाबले की एका कॉइलला वीज मिळते, ती लोहचुंबकासारखी पट्टी ओढून धरते आणि तीन फेज मोटरला जोडले जातात. बटण सोडले तरी कॉइल स्वतःच स्वतःला धरून ठेवते. वीज गेली की कॉइलची पकड सुटते, पट्टी खाली पडते, आणि वीज परत आली तरी कोणी पुन्हा बटण दाबेपर्यंत मोटर सुरू होत नाही. ही फार मोठी सोय आहे. पण गावात वीज दर तासाला जाते, आणि रात्री दोन वाजता उठून बटण दाबायला जायचा कंटाळा येतो. मग हिरव्या बटणात काडी खुपसतात किंवा ते सुतळीने बांधून टाकतात. आपोआप सुरू करणारे स्विचही बाजारात मिळतात. विहिरीच्या पंपापुरते आम्ही समजू शकतो, कारण पंपात कोणी हात घालत नाही. पण मळणी यंत्राला आणि कडबाकुट्टीला हा प्रकार कदापि नको. त्या दिवशीच्या स्टार्टरच्या बटणात सुतळी होती. आम्ही तो उघडून पाहिला नव्हता.

म्हणून पहिले काम हे : यंत्राला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा, किटकॅट फ्यूज तिन्ही उपसा आणि ते स्वतःच्या खिशात घाला. मालकाच्या हातात देऊ नका, भिंतीवरही ठेवू नका. लाल झेंडीचे काम तुमचा खिसा करील. त्यानंतर टेस्टरने नव्हे, दिव्याने किंवा मीटरने तिन्ही फेज मेले आहेत ना ते बघा, आणि शेवटी पट्टा उतरवा. ट्रॅक्टरवर चालणारे यंत्र असेल तर इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला. हे सारे करायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आता त्या बेअरिंगकडे येऊ. बेअरिंग नकली नव्हते. मोटरवरची पुली पाच इंचांची होती आणि ड्रमवरची मूळची पुली बारा इंचांची. ती तडकल्यावर तालुक्याच्या दुकानात बारा इंची मिळाली नाही, म्हणून आठ इंची बसवली. मालकाला वाटले, बरे झाले, यंत्र जोरात चालेल. तसे ते जोरातच चालले.

पुल्यांचा हिशोब आपल्या सर्वांना येतो. एका पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे हे दुसऱ्या पुलीच्या व्यास गुणिले फेऱ्यांइतके असते. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. पाच गुणिले १४४० म्हणजे ७२००. त्याला बाराने भागले तर ६०० फेरे, आठाने भागले तर ९००. फेरे दीडपट झाले. पण बेअरिंगवर पडणारा ताण दीडपट होत नाही, तो दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन पट होतो. फिरणाऱ्या वस्तूची बाहेर फेकली जाण्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, आणि सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. ड्रमचा एखादा दाता तुटून एका बाजूला शंभर ग्रॅम वजन कमी झाले आणि तो दाता मध्यापासून तीस सेंटीमीटरवर होता असे धरा. ६०० फेऱ्यांना त्या शंभर ग्रॅमचा बेअरिंगला बसणारा झटका सुमारे बारा किलोचा असतो, आणि तो सेकंदाला दहा वेळा बसतो. ९०० फेऱ्यांना तोच झटका सत्तावीस किलोचा होतो आणि सेकंदाला पंधरा वेळा बसतो. कोणते बेअरिंग टिकेल? शिवाय दाणे फुटतात, भुशाबरोबर उडून जातात, आणि मोटर जास्त वीज ओढते ते वेगळेच. जोर आणि वेग या दोन्ही गोष्टी एकदम फुकट मिळत नाहीत. लहान पुली बसवून वेग मिळवला की फिरवण्याचा जोर तितकाच घटतो. लांब पान्याने घट्ट नट सुटतो, पण हात जास्त फिरवावा लागतो, त्यातलाच हा प्रकार. टपालातल्या बंधूंना तराजूची दांडी आठवेल. दांडी ज्या बाजूला लांब, त्या बाजूला थोडे वजन पुरते. सगळी यंत्रे याच एका हिशोबावर चालतात, मग ती वाफेची असोत, डिझेलची असोत की विजेची.

हाच हिशोब हातासाठी करून पाहा. साठ सेंटीमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला ६०० फेरे घेतो तेव्हा त्याच्या दात्याचे टोक ताशी अडुसष्ट किलोमीटर वेगाने जाते. बऱ्याच पॅसेंजर गाड्यांची सरासरी याहून कमी असते! पुली बदलल्यावर हाच वेग ताशी शंभराच्या वर गेला होता. माणसाला धोका दिसला आणि त्याने हात मागे घ्यायचे ठरवले, तर तेवढ्यात पाव सेकंद तरी जातो. पाव सेकंदात ६०० फेऱ्यांचा ड्रम अडीच वेळा फिरून येतो. तेव्हा “हात पटकन काढायला हवा होता” असे जे म्हणतात त्यांना गणित येत नाही असे समजावे.

म्हणूनच सुरक्षित यंत्रात हात ड्रमपर्यंत पोहोचूच नये अशी योजना असते. भारतीय मानक ९०२० मध्ये पेंढी आत सारण्याच्या नाळीची लांबी किमान नव्वद सेंटीमीटर आणि तिचा ड्रमकडचा पंचेचाळीस सेंटीमीटर भाग वरून झाकलेला असावा असे दिले आहे. नव्वद सेंटीमीटर का, ते आपला हात लांब करून मोजा म्हणजे कळेल. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत एवढी लांबी भरत नाही. पण खेड्यात काय दिसते? पेंढ्या भराभर जाव्यात म्हणून नाळ कापून आखूड केलेली, झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलेले. मळणी तासावर किंवा क्विंटलवर ठरलेली असते. ट्रॅक्टरवाल्याला रात्रीत तीन खळी उरकायची असतात. पेंढी सारणारा मजूर मात्र तोच एक असतो, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, डोळ्यांत भुसा आणि झोप घेऊन. अपघात झाला की सगळे म्हणतात, मजूर निष्काळजी होता. आपल्याकडे चौकशीत ‘मानवी चूक’ हे दोन शब्द लिहून फाइल बंद करतात, त्याचीच ही गावठी आवृत्ती.

पट्ट्यांबद्दल थोडे. जुन्या डब्यांखालचा अल्टरनेटर ज्यांनी सांभाळला आहे त्यांना हे शिकवायला नको. पट्टा सैल असला तर घसरतो, तापतो, जळका वास येतो. फार ताणला तर बेअरिंग जाते. पुल्यांमधल्या अंतरात दर मीटरला साधारण दीड सेंटीमीटर पट्टा अंगठ्याने दबावा. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत ना, हे ताणलेल्या दोरीने बघावे. एका पुलीवर तीन पट्टे असतील आणि एक तुटला तर तिन्ही बदलावेत, कारण ताणून लांब झालेले जुने पट्टे सगळा भार नव्यावर टाकतात. (आपल्याही सेक्शनमध्ये नव्या माणसाचे असेच होते, पण तो विषय आज नको.) पट्टा घसरतो म्हणून चालू यंत्रावर त्याला राळ किंवा डांबर लावणारे आम्ही पाहिले आहेत. चालू पट्ट्याजवळ बोट नेणे म्हणजे दोन डब्यांच्या बफरमध्ये बोट घालण्यासारखेच आहे.

ट्रॅक्टरच्या मागचा जो शाफ्ट यंत्राला जोडतात, ज्याला सगळे पी.टी.ओ. म्हणतात, त्याचे ठरलेले फेरे मिनिटाला ५४० असतात. म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्ट पाच सेंटीमीटर जाड धरला तर एका सेकंदात तो जवळजवळ दीड मीटर कापड स्वतःभोवती गुंडाळतो. गमछा, साडीचा पदर, सदऱ्याची सैल बाही यांना एक सेकंद पुरतो. त्यावर प्लॅस्टिकचे किंवा पत्र्याचे आवरण असते. ते तुटलेले दिसले तर दुरुस्तीच्या यादीत पहिले तेच लिहावे, मग तुम्हांला कशासाठीही बोलावलेले असो.

आणखी एक गोष्ट आपल्याला यार्डातून माहीत आहे. इंजिन सोडून दिले तरी वॅगन लगेच थांबत नाही. मळणी यंत्राचे वजनदार चाक आणि ड्रमही स्विच पाडल्यावर बराच वेळ फिरत राहतात, आणि वेग दीडपट असेल तर त्यांच्यात साठलेली शक्ती सव्वादोन पट असते. “बंद केले आहे” आणि “थांबले आहे” या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बंद केल्यावर अडकलेला पेंढा काढायला घाईने हात घालतात, तिथेच बोटे जातात.

कडबाकुट्टी हे तर घरातलेच यंत्र. झाशीत ग्वाल्हेर रस्त्यावर १९६२ साली स्थापन झालेली चारा संशोधनाची मोठी केंद्रीय संस्था आहे, आणि या भागात म्हैस आहे तिथे कुट्टी आहे. यात दोन लाटा गवताला पकडून आत ओढतात आणि जड चाकावरची पाती ते कापतात. लाट कशाला पकडावे आणि कशाला नाही हे ओळखत नाही. दिल्लीच्या आयआयटीतले दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी हरियाणातील गावांमध्ये शेतीतल्या अपघातांचा अभ्यास केला आणि कुट्टीसाठी अगदी स्वस्त सुधारणा सुचवल्या. लाटांच्या पुढे एक मोकळी फिरणारी लाट बसवायची, म्हणजे हात पुढे गेला की आधी तिचा स्पर्श होऊन माणूस सावध होतो. पात्याला आवरण घालायचे. आणि काम नसताना चाक अडकवून ठेवायला एक खीळ ठेवायची, कारण कुट्टीशी खेळणारी लहान मुलेच अनेकदा बोटे गमावतात. खिळीला काय खर्च येतो? एक भोक आणि एक बोल्ट. गावी जाल तेव्हा एवढे एक काम तरी करून या.

डिझेल इंजिनाबद्दल आम्ही लांबण लावत नाही. इथल्या डिझेल शेडमधले बंधू ते आमच्यापेक्षा चांगले सांगतील. दोनच सूचना. इंजेक्टरचा फवारा तपासताना त्यासमोर हात धरू नका, त्या दाबाने डिझेल कातडीतून आत शिरते आणि वरून टोचल्याएवढीच खूण दिसते. असे झाले तर घरगुती मलमपट्टी न करता ताबडतोब रुग्णालय गाठा. आणि बॅटरी काढताना आधी सांगाड्याला जोडलेली, म्हणजे बहुधा ऋण बाजूची तार सोडा, बसवताना तीच शेवटी जोडा. म्हणजे पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो हे बॅटरी चार्जिंगवाल्यांना सांगायला नको.

विजेचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण बोटे जातात यंत्राने आणि जीव जातो विजेने.

खळे डांबापासून लांब असते. दोनशे मीटर बारीक केबल ओढून मोटर चालवतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला दोनशे मीटरमध्ये सुमारे १.४ ओहम रोध असतो. साडेसात अश्वशक्तीची मोटर भारावर सुमारे अकरा अँपिअर घेते, म्हणजे प्रत्येक तारेत पंधरा व्होल्टच्या आसपास वाटेतच खर्च होतात. सुरू होताना ती पाच-सहा पट ओढते, तेव्हा दाब आणखी कोसळतो. मोटरचा फिरवण्याचा जोर दाबाच्या वर्गाने कमी होतो. दाब ऐंशी टक्के राहिला तर जोर चौसष्ट टक्केच उरतो. मोटर गुरगुरते, तापते, फ्यूज जातो. मग मालक काय करतो? फ्यूजमध्ये जाड तार घालतो. दोष केबलचा असतो आणि शिक्षा फ्यूजला होते.

तिन्हींपैकी एक फेज गेला तर उभी मोटर फिरत नाही, नुसती गुणगुणते. फिरती मोटर मात्र फिरत राहते आणि उरलेल्या दोन फेजांतून जास्त वीज ओढून गुंडाळी जाळते. तिला वाचवण्यासाठी स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. त्याचा काटा मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर लावायचा असतो. तो कमाल आकड्यावर फिरवून ठेवलेला आम्ही इतक्या ठिकाणी पाहिला आहे की आता काटा बघितल्याशिवाय आम्ही स्टार्टरचे झाकण लावत नाही.

आता अर्थिंग. टपालातल्या जुन्या बंधूंना आठवेल, तार यंत्राला एकच तार पुरत असे. परतीचा रस्ता जमिनीतून असे. १५ जुलै २०१३ रोजी तारसेवा बंद झाली, पण जमीन वीज वाहून नेते हे सत्य तिच्याबरोबर गेले नाही. खळ्यावर मोटरची गुंडाळी आतून उघडी पडून सांगाड्याला लागली आणि अनवाणी, घामाने भिजलेल्या माणसाने यंत्राला हात लावला, तर परतीचा रस्ता त्याच्या अंगातून जातो. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला जवळजवळ पाव अँपिअर होतो. माणूस मारायला याच्या निम्माही पुरे.

लोक म्हणतात, आम्ही लोखंडी सळई ठोकली आहे, अर्थिंग आहे. इथे नीट लक्ष द्या. बुंदेलखंडात फूटभर मातीखाली खडक लागतो आणि एप्रिलमध्ये माती कोरडी ठणठणीत असते. अशा जमिनीत ठोकलेल्या सळईचा रोध वीस ओहम मिळाला तरी नशीब. २३० भागिले वीस म्हणजे साडेअकरा अँपिअर. पंधराचा फ्यूज यावर उडेल का? नाही. फ्यूज शाबूत, मोटर चालू, आणि सांगाडा मात्र विजेने भरलेला. म्हणून नुसत्या सळईवर विसंबू नका. खड्डा करून कोळसा-मीठ घालून अर्थ करा, मोसमात त्यात रोज पाणी ओता, आणि त्याच्या जोडीला तीस मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच, ज्याला आर.सी.सी.बी. म्हणतात, तो बसवा. जाणारी आणि परतणारी वीज सारखी आहे की नाही एवढेच तो बघतो. थोडी जरी वाट चुकून जमिनीत गेली तर क्षणात तोडतो. मालक तक्रार करतात की हा सारखा पडतो. पडतो म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती शोधायची सोडून स्विच काढून टाकणे म्हणजे सिग्नल लाल आहे म्हणून दिवाच फोडण्यासारखे झाले.

आता कायद्याचे. १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. त्यात मळणी यंत्राचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याआधी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात ट्रॅक्टरने किंवा यंत्रशक्तीवर, विजेवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीत नोकरीला असलेला माणूस धरला होता. आता हा विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. खळ्यावर मजुरीने काम करणाऱ्या माणसाला आपल्याला भरपाई मागता येते हेच माहीत नसते. अंगठा गेला तर तीस टक्के आणि पंजा गेला तर साठ टक्के कमाईची क्षमता गेली असे कायद्याचे कोष्टक सांगते. आपल्यापैकी ज्यांनी युनियनच्या वतीने असे दावे चालवले आहेत त्यांना हे आकडे तोंडपाठ असतील. साधा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायला कारण होत नाही. दारूच्या अमलाखाली असणे, सुरक्षेचा हुकूम जाणूनबुजून मोडणे आणि सुरक्षेचे आवरण जाणूनबुजून काढणे अशी कारणे कायद्याने मालकाला दिली आहेत, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही चालत नाहीत.

यातला आवरणाचा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. दुरुस्तीला गेलेला मिस्त्री आवरण काढतो, काम झाल्यावर “चालतंय की” म्हणून ते बाजूला ठेवून निघून येतो. महिनाभराने मजुराचा हात जातो, आणि मालक म्हणतो, आवरण यानेच काढले होते. त्या माणसाचा हातही गेला आणि दावाही अडकला, आणि दोन्ही ठिकाणी कारण आपण लावायला विसरलेले चार बोल्ट. म्हणून आम्ही आता एक पद्धत ठेवली आहे. काम संपले की आवरण बसवून मगच चाचणीसाठी यंत्र चालू करायचे, आणि आवरण बसवल्याचे मालकाच्या वहीत तारखेसह लिहायचे. मालक हसतात. हसू द्या.

टपालातल्या बंधूंसाठी एक वेगळे काम आहे. अपघाताची नोटीस मालकाला लवकर आणि लेखी गेली पाहिजे, आणि ती मिळाल्याचा पुरावा राहिला पाहिजे. पूर्वी आपण सरळ रजिस्टर पोच करा म्हणत असू. २०२५ साली रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा, आणि पोच कशी मिळते ते मजुराला समजावून सांगा. गावात लिहिता येणारा आणि मालकाचा मिंधा नसलेला माणूस बहुधा डाक सेवकच असतो. स्वतःच्या शेतात जखमी झालेल्या शेतकऱ्याला मालक नसतो, त्याला हा दावा करता येत नाही. त्याच्यासाठी उत्तर प्रदेशात मुख्यमंत्र्यांच्या नावाची कृषक दुर्घटना कल्याण योजना आहे आणि महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना. अर्ज कुठे द्यायचा ते आधीच विचारून ठेवा, अपघातानंतर धावाधाव होते.

बोलणे बरेच झाले. आम्ही येताना एक जुना स्टार्टर, एक आर.सी.सी.बी. आणि दोन पुल्या आणल्या आहेत, त्या मागच्या टेबलावर मांडल्या आहेत. स्टार्टरच्या हिरव्या बटणात मुद्दाम सुतळी बांधून ठेवली आहे. पुढच्या रांगेतल्या बंधूंनी आधी यावे, फ्यूज उपसून खिशात घालावेत आणि मगच झाकण उघडावे. ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी आपल्या दोन्ही पुल्यांचे व्यास कागदावर लिहून द्यावेत, फेऱ्यांचा हिशोब आम्ही इथेच करून देतो.